इटलींतील एक कुमार आणि तगरची वाट

येरमाळ्याची येडेश्वरी टेकडीवर नांदते. चैत्री पौर्णिमेला तेथें मोठी यात्रा भरते, देवीची पालखी आमराईंत येते, आणि दूरदूरच्या गांवांहून आलेलीं माणसें वाकून वाकून चुनखडीचे खडे वेचतात. या गर्दींत पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें नेहमींच पुढें असतात. कारण वेचण्याची चढाओढ त्यांच्याच वयाला शोभते. यात्रा संपली कीं हीं मुलें घरोघर परततात, चुलीजवळ बसून भाकरी खातात, आईचें बोलणें ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशीं शाळेची किंवा शेताची वाट धरतात. त्यांच्या त्या दिवसाची नोंद कोठेंहि होत नाहीं.

इतिहासाच्या हातून सर्वांत सहज निसटून जाणारी वस्तु कोणती असेल, तर ती कुमारवयाचें घरगुती आयुष्य ही होय. राजाचें दान ताम्रपटावर राहतें, लढाई पोवाड्यांत राहते, व्यापाऱ्याचा धर्मादाय लेण्याच्या भिंतीवर कोरला जातो. परंतु सतरा वर्षांच्या मुलानें दुपारीं काय केलें, वडील माणसांनीं त्याला कशासाठीं टोकलें, रात्रीं भय वाटलें तेव्हां तो कोणाजवळ जाऊन बसला, हें कोण लिहून ठेवणार? सुदैवानें प्राचीन इटलींतील एका कुमारानें हें सर्व लिहून ठेवलें आहे. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, त्याच्या जगाची व येरमाळ्याच्या परिसराची गांठ घालणारा एक धागा, बारीक कां होईना, अजून शाबूत आहे.

येरमाळ्याच्या शेजारीं तेरखेड्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरांत तेरणा नदी उगम पावते आणि खालीं उतरून तेर गांवाला वळसा घालते. हें तेर आपल्याला गोरोबा कुंभारांचें म्हणून ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्याहि पूर्वीं हजार-बाराशें वर्षें हें एक नांवाजलेलें नगर होतें, आणि तेव्हां त्याला 'तगर' म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांतील एका ग्रीक खलाशानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवजा वही लिहिली. 'पेरिप्लस' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तींत तो सांगतो कीं, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड येतात, तगरहून साधें कापड पुष्कळ आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. आणि हा सारा माल गाड्यांवर घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून भडोचच्या बंदरापर्यंत नेतात. हें तगर म्हणजेच आजचें तेर, असें फ्लीट या इंग्रज पंडितानें १९०१ सालीं दाखवून दिलें, आणि पुढच्या उत्खननांनीं त्याला बळकटी आणली. तेरहून पैठणकडे निघालेल्या गाडीला बालाघाट टाळतां येत नाहीं. तेव्हां आपल्या या उजाड दिसणाऱ्या माळांवरून एके काळीं समुद्रापारच्या बाजारासाठीं कापडाच्या गांठी गेल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या बाजाराचें दुसरें टोंक इटली. १९३८ सालच्या ऑक्टोबरांत पाँपेई येथील एका घरांत उत्खनन चाललें असतां आमेदेओ माइउरी या पुराणवस्तुशोधकास हस्तिदंताची एक पुतळी मिळाली. उंची वीतभराहून किंचित् अधिक. गळ्यांत, कमरेला व पायांत दागिन्यांची दाटी, वेणीची हिंदी धाटणीची रचना आणि दोन्ही बाजूंस दोन लहान दासी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. पुढें ती यक्षी असावी असें पंडितांना वाटूं लागलें. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयांत आहे, आणि ज्या घरांत ती सांपडली त्याला 'हिंदी पुतळीचें घर' हेंच नांव पडलें आहे. याच धाटणीची हस्तिदंती पुतळी तेर येथें मिळाली आणि मराठवाड्यांतीलच भोकरदन येथेंहि मिळाली. यावरून पाँपेईची पुतळी सातवाहनांच्या मुलखांतील कारागिराच्या हातची असावी, असें कित्येकांचें मत आहे. उलट, तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपींतील अक्षर कोरलेलें असल्यामुळें ती वायव्येकडून गेली असावी, असें दुसरे म्हणतात. हा वाद आपण पंडितांवर सोपवूं. आपल्यापुरतें एवढें पुरे कीं, वेसूव्हियसच्या पायथ्याशीं एका साध्यासुध्या इटालियन घरांत हिंदुस्थानांतील एक बाई, दोन दासींसह, राखेखालीं साडेअठराशें वर्षें उभी होती.

ही राख पडली तो दिवस इसवी सन ७९ मधील. परंपरेनें तो २४ ऑगस्ट मानतात. परंतु २०१८ सालीं पाँपेईच्या एका भिंतीवर कोळशानें लिहिलेली एक तारीख उजेडांत आल्यापासून तो ऑक्टोबरांतील असावा, या मताला जोर आला आहे. त्या दिवशीं आखाताच्या पलीकडच्या टोंकाला, मिसेनम बंदरांत, एक मुलगा आपल्या आईसह मामाच्या घरीं राहत होता. त्याचें वय अठराव्यांत होतें. हाच पुढें इतिहासांत धाकटा प्लिनी म्हणून ओळखला गेला.

मामाच्या घरीं वाढलेला भाचा हें नातें मराठी वाचकाला वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं. मुलाचा बाप लवकर वारला होता. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, हा रोमन आरमाराचा मिसेनम येथील प्रमुख, आणि त्याहूनहि अधिक म्हणजे अक्षरशः ग्रंथकीटक. सृष्टींतील यच्चयावत् वस्तूंची माहिती देणारा सदतीस भागांचा ग्रंथ त्यानें लिहिला. त्याच ग्रंथांत त्यानें अशी तक्रार केली आहे कीं, हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्याचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि त्याचा माल आपल्याकडे शंभरपट किंमतीला विकला जातो. तगरच्या कोष्ट्यानें विणलेल्या मलमलीचा हिशेब असा एका इटालियन मामाच्या लिहिण्याच्या मेजापर्यंत पोंचला होता.

या मामाच्या दिनचर्येचें वर्णन भाच्यानें पुढें एका पत्रांत केलें आहे. मामा पहांटेच्या फार आधीं दिवा लावून वाचावयास बसे. जेवतांना त्याला कोणीतरी वाचून दाखवी. स्नानानंतर अंग पुसतांनाहि वाचन चालूच. प्रवासांत लेखनिक जवळ, आणि हिंवाळ्यांत त्या लेखनिकाच्या हातांत मोजे, कारण थंडीनें बोटें आंखडून लिहिण्याचा वेळ जातां कामा नये! एकदां भाचा पायीं फिरावयास गेला, तेव्हां मामानें त्याला बोल लावला: मेण्यांतून गेला असतास तर एवढा वेळ फुकट गेला नसता. घरांत अशी वडील माणसें असलीं म्हणजे मुलांचें काय होतें, हेंहि त्या मुलाच्या चरित्रावरून दिसतें. चौदाव्या वर्षीं त्यानें ग्रीक भाषेंत एक शोकान्त नाटक लिहून काढलें. पुढें प्रौढपणीं तो त्याची स्वतःच थट्टा करतो. तें नाटक कसलें होतें म्हणाल तर ठाऊक नाहीं, एवढेंच कीं नाटक म्हणत होते, असा त्याचा सूर आहे.

त्या काळच्या सुखवस्तु इटालियन घराचें वळण येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. घरांत गृहदेवतांचें एक लहान देव्हारें असे आणि रोजचा नैवेद्य तेथें दाखविला जाई. मुलाच्या गळ्यांत जन्मापासून 'बुल्ला' नांवाचा ताईत असे. कुमारवय संपून तो प्रौढांचें शुभ्र वस्त्र धारण करी, त्या दिवशीं हा ताईत काढून गृहदेवतांना वाहिला जाई. आपल्याकडील मौंजीच्या विधीप्रमाणें हाहि घरांतील एक मोठा सोहळा असे. शाळेला नेण्या-आणण्यासाठीं व चाल सांभाळण्यासाठीं एक गुलाम नेमलेला असे. लिहिणें मेणाच्या पाटीवर. खेळ सागरगोट्यांसारखे मेंढ्यांच्या हाडांचे, किंवा अक्रोडांचे. 'अक्रोड सोडले' याचा अर्थच मूलपण सोडलें, असा होता.

आतां त्या दिवसाकडे वळूं. दुपार उलटली होती. मामानें उन्हांत पडून, थंड पाण्यानें स्नान करून, आडवें होऊन हलकें जेवण घेतलें होतें आणि नेहमींप्रमाणें पुस्तक उघडलें होतें. तेवढ्यांत मुलाच्या आईनें आकाशांतील एक चमत्कारिक ढग भावाला दाखविला. तो ढग एखाद्या उंच पाइन वृक्षासारखा, बुंधा सरळ आणि वर फांद्या पसरलेल्या, असा दिसत होता. मामाला जिज्ञासा आवरेना. त्यानें होडी मागविली व भाच्याला विचारलें, येतोस काय? मुलगा म्हणाला, मी अभ्यासच करीत बसतों. आणि लिहावयाचा विषय मामानेंच त्याला दिलेला होता! पुढें मामा निघतांना संकटांत सांपडलेल्या लोकांचा निरोप आला, आणि पाहण्यासाठीं निघालेला तो माणूस सोडविण्यासाठीं मोठीं जहाजें घेऊन गेला. तो परत आला नाहीं. पलीकडच्या किनाऱ्यावर स्ताबिए येथें त्याला मरण आलें.

घरीं काय झालें? मुलानें उरलेला वेळ अभ्यासांत घालविला, मग स्नान केलें, जेवण केलें, आणि अस्वस्थ अशी थोडीशी झोंप घेतली. त्या रात्रीं धरणीकंप इतका वाढला कीं, वस्तु नुसत्या हलत नसून उलटत आहेत असें वाटलें. आई धांवत त्याच्या खोलींत आली. तोहि तिला उठवावयास निघालाच होता. दोघें घराच्या व समुद्राच्या मधल्या अंगणांत जाऊन बसलीं. तेथें त्या मुलानें लिव्हीच्या इतिहासाचें एक पुस्तक मागवून घेतलें आणि जणुं कांहीं घडतच नाहीं अशा रीतीनें तो वाचूं लागला, उतारे काढूं लागला. मामाचा एक स्नेही तेथें आला. आई बसली आहे आणि मुलगा वाचतो आहे, हें पाहून त्यानें दोघांना खरमरीत शब्दांनीं फटकारलें. तरी मुलगा पुस्तकांतून मान वर काढीना. हें धैर्य म्हणावें कीं मूर्खपणा, तें मला सांगतां येत नाहीं, असें तो स्वतःच पुढें लिहितो.

या प्रसंगाकडे आम्हांला हंसूं येत नाहीं. परीक्षेच्या तोंडावर घरांत आजारपण असतां पुस्तकांत डोकें खुपसून बसलेला मुलगा कोणीं पाहिला नाहीं? त्याच्या मनांत दगड नसतो. जें रोज केलें तेंच करीत राहिलें तर जग ठिकाणावर राहील, अशी त्याच्या मनाची समजूत असते. शेवटीं पहांटे मायलेंकरें गांवाबाहेर पडलीं. काळोख दाटला, तेव्हां आई म्हणूं लागली, मी वयानें व अंगानें जड, तूं तरुण आहेस, तूं पळ. त्यानें ऐकलें नाहीं. तिचा हात धरून तिला चालावयास लावलें. काळोख ओसरल्यावर दोघें परत घरीं आलीं आणि मामाची वाट पाहत बसलीं. पंचवीसएक वर्षांनंतर हें सर्व त्यानें टॅसिटस या इतिहासकाराच्या विनंतीवरून दोन पत्रांत लिहिलें. टॅसिटसला मामाच्या मरणाची हकीगत हवी होती. त्या निमित्तानें एका घराची एक रात्रहि वांचली.

परंतु याच लेखकानें आणखी एका घराचें दार आपल्यासाठीं उघडून ठेवलें आहे, आणि तें मुलीचें आहे. त्याचा मित्र फुंडानस याची धाकटी मुलगी वारली, तेव्हांचें त्याचें पत्र आहे. ती अजून चौदा वर्षांचीहि झाली नव्हती. बापाच्या गळ्याला ती कशी बिलगे, बापाच्या स्नेह्यांना कशी लाजत आणि तरी मायेनें भेटे, दाईवर, सांभाळणाऱ्यावर व शिक्षकांवर तिचा किती जीव, वाचण्यांत किती गोडी व खेळण्यांत किती मोजकेपणा, हें तो सांगतो. तिचें लग्न ठरलें होतें, तिथि निश्चित झाली होती, आमंत्रणें गेलीं होतीं. वस्त्रें, मोतीं व रत्नें यांसाठीं काढून ठेवलेला पैसा बापाला धूप, उटणीं व सुगंधी द्रव्यें यांकडे वळवावा लागला. १८८१ सालीं रोमजवळ मोंते मारिओ येथें या कुटुंबाचें थडगें सांपडलें. त्यावरच्या लेखांत मुलीचें नांव मिनिकिया मार्केला असें असून वय बारा वर्षें, अकरा महिने, सात दिवस दिलें आहे. त्या काळच्या रोमन कायद्यानें बारा वर्षें हें मुलीच्या लग्नाचें वय होतें. आपल्याकडेहि १९२९ सालचा शारदा कायदा होईपर्यंत, आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें, याच वयाच्या किती मुली सासरीं गेल्या, हें वाचकांनीं आपल्या घरच्या वंशावळींतच पाहावें. तेव्हां परक्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

तिसरें घर असें आहे कीं, त्याचें पत्र कोणींच लिहिलें नाहीं. २०२१ सालच्या नोव्हेंबरांत पाँपेईजवळ चिव्हिता जुलियाना येथील एका मळ्यांतील वाड्यांत गुलामांची एक खोली उघडी झाली. सोळा चौरस मीटरांची ती कोंदट जागा. एक लहानशी खिडकी, भिंतींना रंग नाहीं, कोपऱ्यांत मातीचीं भांडीं आणि तीन बाजा. त्यांपैकीं दोन एक मीटर सत्तर सेंटिमीटर लांब आणि एक अवघी एक मीटर चाळीस. ती लहान बाज पाहिली म्हणजे मन चरकतें. तिच्यावर निजणारें मूल प्लिनीच्याच काळांत, प्लिनीच्याच आखाताच्या कांठीं वाढत होतें. पण त्याला ना मेणाची पाटी, ना लिव्हीचें पुस्तक. इटलींतील कुमाराचें गृहजीवन म्हणून आपण जें वाचतों, तें बहुतेक श्रीमंतांच्या मुलाचें असतें, हें या बाजेनें कायमचें बजावून ठेवलें आहे.

आतां पुन्हा तेरणेच्या कांठीं येऊं. प्लिनी वाचीत होता त्या वेळीं तगरांतहि त्याच्या वयाचीं मुलें होतीं. तीं काय करीत होतीं? त्यांतला कोणी टॅसिटसला पत्र लिहिणारा निघाला नाहीं. हाल सातवाहनाच्या नांवावर असलेल्या 'गाथासप्तशती'त गोदातीरच्या शेतकऱ्यांचीं घरें, सासवा-सुना, दीर-भावजया, शेजारणी यांचें जग महाराष्ट्री प्राकृतांत उतरलें आहे. परंतु तें काव्य आहे, रोजनिशी नव्हे. बाकी सारें मातीकडून ऐकावें लागतें. तेरच्या पांढरींत मातीचे दिवे, शंखाच्या बांगड्या, मणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या हें सर्व विपुल सांपडलें. रोमन नाण्यांचे ठसे उमटवून केलेलीं मातीचीं पदकेंहि सांपडलीं. त्यांना दोरा ओंवण्यासाठीं भोंक किंवा कडी असते. म्हणजे तीं गळ्यांत घालीत. आणि पुराणवस्तुशास्त्रांत या पदकांना शब्द कोणता रूढ झाला? 'बुल्ला'! इटलींतील मुलाच्या गळ्यांत ताईत, आणि तगरांत कोणाच्या तरी गळ्यांत इटलीच्या बादशहाचें मातीचें मुखवटेवजा चित्र. सोन्याचें नाणें परवडत नाहीं त्यानें मातीचें घालावें, हा हौशीचा न्याय दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाहीं.

देवाणघेवाण एकाच बाजूची नव्हती, याची साक्ष कोल्हापूर देतें. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरीच्या टेंकाडांत १९४४-४५ च्या सुमारास कांशाच्या वस्तूंचा एक सांठा मिळाला. त्यांत रोमन घडणीचीं भांडीं होतीं आणि समुद्रदेव पोसायडनची एक देखणी मूर्ति होती. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, परक्यांचा समुद्रदेव. आणि तिकडे पाँपेईच्या घरांत आपल्याकडची यक्षी. घरांघरांनीं केलेली ही अदलाबदल कोणत्याहि तहनाम्यांत लिहिलेली नाहीं.

मात्र एक फरक मनाला लागून राहतो. पाँपेईचें घर राखेनें झांकलें म्हणून वांचलें. तगरचें घर कोणीं झांकलें नाहीं. जुन्या वस्तीची पांढरी माती खणून नव्या भिंतींना व माळवदांना वापरावी, अशी आपल्याकडची पूर्वापार रीत आहे. तीत दोष नाहीं, गरजच ती. पण अशा रीतीनें जुनें घर नव्या घराच्या भिंतींत विरघळून जातें. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पांढरींतून निघणाऱ्या या वस्तु आयुष्यभर गोळा केल्या नसत्या, तर बाहुल्या व दिवे यांतले कितीतरी भिंतींत लिंपले गेले असते. त्यांच्या नांवाचें वस्तुसंग्रहालय आज तेरला आहे. धाराशिवकडून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें मुलांसह एकदां तरी तें पाहावें.

शेवटीं प्लिनीचीच एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. प्रौढ झाल्यावर तो आपल्या जन्मगांवीं, उत्तर इटलींतील कोमम येथें गेला असतां, एका गांवकऱ्याचा कुमार मुलगा त्याला भेटावयास आला. शिकतोस कोठें, असें विचारल्यावर मुलगा म्हणाला, मिलानला. कारण येथें शिक्षक नाहींत. मुलाचा बाप व आणखी कांहीं बाप तेथें बसलेले होते. त्यांना प्लिनीनें समजावलें कीं, मुलांनीं आपल्याच गांवांत, आईबापांच्या नजरेखालीं शिकावें यापरतें सुखाचें, निर्मळ व कमी खर्चाचें दुसरें काय आहे? परगांवच्या बिऱ्हाडावर व प्रवासावर जो पैसा घालवितां, तोच एकत्र करून येथें शिक्षक ठेवा. स्वतः तो निःसंतान होता. तरी खर्चाचा तिसरा हिस्सा देण्याचें त्यानें कबूल केलें. सगळाच भार कां उचलला नाहीं, याचें कारणहि त्यानें दिलें: दुसऱ्याच्या पैशाविषयीं लोक निष्काळजी असतात, स्वतःचा पैसा घातला म्हणजे शिक्षक निवडतांना डोळे उघडे ठेवतात.

एकोणीसशें वर्षांपूर्वींचें हें बोलणें येरमाळ्याच्या कोणत्याहि ओसरीवर आज शोभेल. निजामाच्या अमदानींत वरच्या शिक्षणासाठीं घर सोडून परक्या गांवीं वार लावून जेवणारीं मुलें या भागानें पाहिलीं. १९४८ नंतर शाळा गांवोगांव आल्या. तरीहि दहावी झाली न झाली तोंच लातूरला किंवा पुण्याला मुलाची खोली पाहणारे बाप आज घरोघर आहेत. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. मिलानला मुलगा धाडणाऱ्या बापाप्रमाणें तेहि मुलाच्या कल्याणासाठींच झटत असतात. पण सोळाव्या वर्षीं घर सुटलें कीं तें बहुधा कायमचें सुटतें, आणि त्या घरांतील दुपारी व रात्री यांची आठवण ठेवणारा माणूसच उरत नाहीं. प्लिनीला आपल्या आईचा हात अंधारांत कसा धरला होता, हें पंचवीस वर्षांनीं आठवलें, कारण त्या रात्रीं तो घरीं होता. आपल्या मुलांना पुढें काय आठवावें, हें ठरविणें अजून पुष्कळसें आपल्याच हातीं आहे.